साबळ्यांची खरपुडी

आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये पंखा होता, पण तो फिरताना कुणी पाहिला नाही. नागापूरच्या एमआयडीसीत उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली माणूस शिजून निघतो, तरी नाही. स्टोअरकीपर अंकुश साबळे यांचं म्हणणं, पंखा लावला की सामानाला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या फडफडतात आणि फडफडणारी चिठ्ठी वाचता येत नाही. मी एकदा म्हटलं, इतकी वर्षं त्याच चिठ्ठ्या वाचताय, एव्हाना पाठ झाल्या असतील. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं चहाचा विषय काढला.

मी हिशेबखात्यात होतो. म्हणजे साबळ्यांशी भांडण्याचा पगारच मला मिळत होता. पण त्यांच्याशी भांडण जमायचं नाही, कारण ते बोलायचेच नाहीत. त्यांचा एकच नियम होता, जुनं दाखवा आणि नवं न्या. फाटका हातमोजा आणल्याशिवाय नवा मिळणार नाही, मग मागणारा कोणी का असेना. एक नवे साहेब रुजू झाले, पहिल्याच दिवशी त्यांनी हातमोजे मागितले. त्यांच्याकडे जुने असणार कुठून? साबळे उठले, भंगाराच्या पिंपातून एक फाटका जोड शोधून आणला, साहेबांच्या हातात दिला, मग तोच त्यांच्याकडून रीतसर परत घेतला आणि नवा जोड काढून दिला. साहेब पुढे कितीतरी दिवस स्टोअरच्या दारावरून जाताना चालण्याचा वेग वाढवत असत.

आम्ही शेजारीही होतो. एमआयडीसीच्या मागं जी बैठ्या घरांची कॉलनी झाली, तिथं आमची दोघांची भिंतीला भिंत. साबळे उंच, वाळके, वर्ण करपलेला, खांदे पुढे झुकलेले. गाव जामखेडच्या अलीकडे, डोंगराच्या कडेला, जिथं ढग येतात आणि दुसरीकडे जातात. त्यांच्या पत्नी विमलवहिनी काष्टीच्या. काष्टी म्हणजे कालव्याचं पाणी, ऊस आणि हिरवंगार रान. तेव्हा या घरात जिरायत आणि बागायत यांचा संसार होता, आणि भांडण व्हायचं ते पाण्यावरूनच. साबळे अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून उरलेलं पाणी ठेवायचे. वहिनी ओटा धुवायला घ्यायच्या तेव्हा पाणी आमच्या दारापर्यंत यायचं. "पान्याला कवा न्हाई म्हनू न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस आला की आधी तांब्या, झाड दिसलं की आधी तांब्या, मांजर ओरडलं तरी तांब्या.

एका ऑगस्टमधल्या सकाळी मी दूध आणायला निघालो तर साबळे त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी ओणवे होऊन स्तब्ध. पाठीत उसण भरली असेल किंवा त्याहून काही वाईट, असं वाटून मी हाक मारली. त्यांनी मागं न वळता फक्त हात वर केला, म्हणजे गप्प राहा. भिंतीला लागून तेलाचे कापलेले डबे होते. कंपनीच्या भंगारातले, आणि ते बाहेर न्यायला या गृहस्थानं स्वतःच्याच नावानं गेटपास फाडला होता. प्रत्येक डब्यात एक काठी, काठीवर एक हडकुळी वेल, आणि वेलीवर इंचभर लांबीची फुलं. खाली फुगीर, मध्ये बारीक नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली. रंग हिरवट पांढरा, टोकाला जांभळट. अगदी टांगलेला कंदील. खरं सांगतो, दूध आणायला जाणाऱ्या माणसानं थांबावं असं त्यात काही नव्हतं.

ती खरपुडी. पुढं हळूहळू, म्हणजे काही वर्षांत, त्यांनी मला तिची बरीचशी कुंडली सांगितली. हिचा खाली कंद असतो. पाऊस पडला की वेल वर येते, श्रावण-भादव्यात फुलते, दिवाळीच्या सुमारास वाळून नाहीशी होते. कंद तेवढा जमिनीत जिवंत. पुढच्या पावसापर्यंत झोपून राहायचं आणि पुन्हा उठायचं, असं वर्षानुवर्षं. फुलात एक चिलट शिरतं, वासानं. नळीत आतल्या बाजूला केस असतात, खाली तोंड केलेले, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. एक रात्र चिलट आत कोंडलेलं राहतं. दुसऱ्या दिवशी फूल मान टाकतं, केस गळतात आणि चिलट अंगाला पराग लावून बाहेर पडतं. मग ते दुसऱ्या वेलीच्या फुलात गेलं तरच शेंग धरते.

"पुन्हा कशाला जाईल ते?" मी म्हणालो. "एकदा कोंडून घेतल्यावर माणूस त्या गल्लीत फिरकत नाही."

"जातंय," साबळे म्हणाले. "त्याशिवाय का माळभर खरपुडी हुती?"

हुती, हे खरं. त्यांच्या गावाला लागून जो माळ होता त्यावर गुरं वळणारी पोरं खरपुडी उकरून खायची. कच्चीच, सदऱ्याला पुसून. तिथली रीत अशी की कंद खायचा, पण वरचा डोळा, जिथून वेल फुटते तो भाग, दातानं तोडून परत त्याच खड्ड्यात ठेवायचा आणि माती लोटायची. डोळा न ठेवता जो उठेल त्याला बाकीची पोरं बडवत. साबळे सांगताना आपल्या नखाएवढा तुकडा दाखवत. मग एकदा, आम्ही ओट्यावर बसलो असताना, ते आपणहून बोलले. असं फार कमी वेळा व्हायचं.

"बहात्तरच्या दुष्काळात आमी डोळाबी खाल्ला," ते म्हणाले. "दोघा भावांनी. बाकीच्यांनीबी खाल्ला आसंल, पर मी माझं सांगतो. भूक हुती. पुढल्या साली त्या अंगाला एकबी उगावली न्हाई."

मी म्हणालो, तुम्ही तेव्हा लहान, पोटात अन्न नाही, त्याचं आता काय. माळाच्या दुसऱ्या अंगाला थोडी खरपुडी तगली होती. पुढे तो माळच खडी क्रशरवाल्यानं घेतला आणि रस्त्याच्या कामासाठी फोडायला सुरुवात केली. तेव्हा साबळ्यांनी रजा टाकली, सुरुंगाच्या आधी पोचले आणि हाताला लागले तेवढे कंद पिशवीत घालून आणले. हे ते डबे. त्यांचा बेत सरळ होता. कंदांना बी धरू द्यायचं, बियांची रोपं करायची, आणि पुरेशी झाली की गावच्या खंडोबाच्या टेकडीवर नेऊन लावायची. देवाची टेकडी असल्यामुळे तिथं क्रशर येणार नाही असा त्यांचा विश्वास होता. मला तो नव्हता.

अडचण चिलटांची होती. आमच्या कॉलनीत डास होते, झुरळं होती, पण खरपुडीला लागणारं ते बारकं चिलट नव्हतं. आठवड्याला धुराची गाडी यायची, शिवाय कारखान्यांचा वास. वेली दर वर्षी फुलायच्या, फुलं कोंडायला तयार असायची, पण आत कोणी जायचंच नाही. आपोआप गळून पडायची. साबळ्यांनी उपाय केले. भाकरी भिजवून कुजवली, सडकी केळी ठेवली, वेलींखाली शेण पसरलं. चिलटं आली, पण चुकीची. कॉलनीत दुर्गंधीवरून बैठक झाली, आणि त्या बैठकीत साबळे माझ्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, बरं, आणि घरी जाऊन केळी उचलली. वहिनींनी त्या दिवशी अंगण दोनदा धुतलं.

एका वर्षी तर ते फुललेले दोन डबे घेऊन एसटीनं गावाला निघाले. माळ गेला तरी त्याच्या कडेला चिलटं उरली असतील, दिवसभर वेली तिथं ठेवू, असा हिशेब. खिडकीशी बसून एक डबा मांडीवर, एक पायांत, काठ्यांना वहिनींचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठल्या देवाचं आहे? साबळे म्हणाले, खंडोबाचं. मग बाईनं हात जोडले आणि डब्यांचं तिकीट मागणारा कंडक्टर पुढं सरकला. हा मला त्यांनी सांगितलेला एकमेव विनोद, आणि तोही त्यांना विनोद वाटत नव्हता. क्रशरच्या कुंपणाबाहेर ते दिवसभर डब्यांजवळ बसले. फुलांवर खडीची पांढरी धूळ बसली. परतीच्या धक्क्यांनी उरलेली फुलं गळाली आणि संध्याकाळी साबळे नुसत्या वेली घेऊन गल्लीत शिरले.

असं बरंच चाललं. मग त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, काही उपाय केलेला नसताना, एका वेलीला शेंगा धरल्या. कुठलं चिलट कुठून वाट चुकून आलं देव जाणे. दोन बारीक शेंगा, बकरीच्या पिलाच्या शिंगांसारख्या. साबळ्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. एरवी ते कधी हाक मारत नसत, त्यामुळे मी तोंडातला ब्रश तसाच घेऊन गेलो. त्यांनी शेंगांभोवती मलमलची चिंधी बांधली होती, उकलल्यावर बी उडून जाऊ नये म्हणून. ते हसत होते, आवाज न करता, खांदे हलवून. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि मी सहसा असं लिहीत नाही.

बी ठेवून टिकत नाही म्हणून त्यांनी ते लगेच पेरलं. रोपं उगवली, दोन-दोन पानांची. दिवाळीनंतर ती वाळली आणि खाली वाटाण्याएवढे कंद राहिले. मोठ्या वेलीही वाळल्या. येत्या पावसाळ्यात उगवली की भादव्यात टेकडीवर न्यायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मलाही यायला सांगितलं. मी टेकडी किती चढायची ते विचारून घेतलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. दर वर्षी वेली वाळल्या की साबळे ते डबे कंपनीत नेऊन स्टोअरच्या सगळ्यात खालच्या रॅकमागं ठेवत. अंधार, कोरडं, आणि कोणाचा हात लागायची भीती नाही. जून उजाडला की घरी परत आणत. झोपलेल्या कंदाला पाणी चालत नाही, थेंबही नाही, नाहीतर तो कुजतो. पण हे त्यांनी घरात काय, मलाही तोवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा स्वभाव, आणि वहिनींनी विचारलं नव्हतं. त्यांची समजूत अशी की कंपनीत टाकीचं पाणी भरपूर, तिथं झाडं उन्हाळा काढतात. त्या हिवाळ्यात साबळे निवृत्त झाले. डबे कंपनीत नेता येईनात म्हणून त्यांनी ते घराच्या गच्चीच्या जिन्याखाली ठेवले.

होळीनंतर त्यांच्या अंगावर सूज आली. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नगरच्या एका दवाखान्यात दाखल केलं, डायलिसिस सुरू झालं. मुलगा पुण्याहून येऊन-जाऊन होता, रात्री मी किंवा तो, दिवसा वहिनी. डॉक्टरांनी पाण्यावर बंदी घातली. औषधांसकट दिवसाला दोन-तीन लहान पेले, त्याहून जास्त गेलं तर ते अंगात साठणार आणि छातीत चढणार. साबळे अर्ध्या बादलीत आंघोळ करणारे, त्यांनी तक्रार केली नाही. पण वैशाखातल्या उकाड्यात त्यांची जीभ लाकडासारखी व्हायची आणि ते वहिनींच्या हातातल्या बाटलीकडे बघायचे. वहिनी बाटली पदराआड घ्यायच्या. काष्टीच्या त्या बाईनं उभ्या जन्मात कुणाला पाण्याला नाही म्हटलं नव्हतं, आणि आता नवऱ्याला म्हणत होत्या.

सकाळी दवाखान्यात जाण्यापूर्वी त्या जिन्याखालचे डबे बाहेर काढायच्या. कोरडी ठणठणीत माती, वर काही नाही. यंदा कंपनीतलं पाणी तुटलं, मालकही आजारी पडला, म्हणून झाडं पाण्यावाचून मरायला टेकली, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या दिवसांत कॉलनीत नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं, टँकरवर रांग लागायची. त्यातूनही त्या प्रत्येक डब्याला तांब्याभर पाणी घालत, वर ओल टिकावी म्हणून कडुलिंबाचा पाला पसरत. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या होत्या, "ह्यांना पानी देता येत न्हाई, निदान ह्यांच्या लेकरांना तरी देते." बायकोनं ते मला सांगितलं. आम्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि खरपुडीचं उन्हाळ्यातलं पथ्य त्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

मेच्या अखेरीस त्यांना घरी आणलं. मी रिक्षातून उतरवून धरून आणत होतो. ओट्यावर डबे ओळीनं मांडलेले, माती काळीभोर, वर हिरवा पाला. साबळे थांबले. वहिनी आमच्या मागून पुढं आल्या आणि म्हणाल्या, "बगा, एकबी दिस चुकवला न्हाई मी."

साबळ्यांनी माझा हात सोडून डब्याचा काठ धरला. पाला बाजूला करून मातीत बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा वास माझ्यापर्यंत आला, कुजलेल्या बटाट्याचा. त्यांनी शेजारच्या डब्यात घातलं, मग त्याच्या पलीकडच्या. रोपांच्या डब्यात त्यांनी बोट घातलं नाही. बोट पाठीमागं नेऊन लेंग्याला पुसलं.

"लई चांगलं केलं," ते वहिनींना म्हणाले. त्या आत चहा ठेवायला गेल्या. खुर्चीत टेकल्यावर साबळे माझ्याकडे न पाहता हळू आवाजात म्हणाले, "सगळे गेले. देशपांडे, हे तिला कळता कामा नये."

मृग आला, आर्द्रा गेली. वहिनी रोज डबे बघायच्या. पाऊस पडला नाही त्या दिवशी पाणी घालायच्या. मला विचारायच्या, "भाऊजी, येतील ना?" मी हिशेबखात्यातला माणूस, खोटं बोलायची सवय असायला हवी होती, पण माझी जीभ अडखळायची. साबळे मात्र सराईतपणे सांगायचे की जिरायती माल आहे, एखादं साल झोपून राहतो, घाई करून चालत नाही. आयुष्यात ते जेवढं बोलले नाहीत तेवढं त्या दोन महिन्यांत बोलले, आणि सगळं खोटं. मी साबळ्यांना न कळवता त्यांच्या मुलाच्या गाडीतून, एखादा कंद मिळतो का बघायला, त्यांच्या गावाकडे एक चक्कर मारून आलो. माळाच्या जागी खड्डा होता, खड्ड्यात गढूळ पाणी साठलं होतं आणि त्यात पोरं म्हशी धूत होती. दोन म्हाताऱ्या माणसांना खरपुडी विचारली. एकाला नाव आठवत होतं.

श्रावणात साबळ्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा झालं. चेहरा सुजलेला, पाय काडीसारखे. एका सकाळी वहिनींना ताप होता, त्या आतल्या खोलीत झोपून होत्या. मी जेवणाचा डबा द्यायला गेलो तेव्हा साबळे ओट्यावर खुर्चीत बसले होते. आतून वहिनींनी विचारलं की डब्यांना पाणी घातलं का, दोन दिवस ऊन आहे. साबळ्यांनी मला खुणेनं बादली जवळ सरकवायला सांगितली.

मी खालच्या आवाजात म्हणालो, राहू द्या, त्यांना काय कळतंय.

"तिला आतनं आयकू येतं," ते म्हणाले. "पानी पडल्याचा आवाज यायला पायजे."

ते खुर्चीचा हात धरून उठले. मी आधार द्यायला गेलो, त्यांनी मान हलवली. तांब्या बुडवला आणि पहिल्या डब्यात पाणी ओतलं, सावकाश, वरून, आवाज होईल असं. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. मध्ये भिंतीला टेकून थांबले. रोपांच्या डब्यापाशी आले तेव्हा तांब्या थोडा वर धरला आणि त्या डब्यातही पाणी ओतलं. माती कधीच बसून गेली होती, पाणी वरच राहत होतं. शेवटच्या डब्यानंतर त्यांनी तांब्या पालथा घातला. हाताला ओल होती, ती त्यांनी ओठांवरून फिरवली आणि क्षणभर डोळे मिटले. त्यानंतर मी त्यांना उभं पाहिलं नाही.

"झालं का?" वहिनींनी आतून विचारलं.

"झालं," साबळे म्हणाले. "कोंब दिसतोय एकाचा."